भाच्याचं रीळ आणि माझा आयग्लास

मागच्या मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एप्रिलातल्या दुपारी नागपूरच्या महाल भागात येतं कोण? मी एका एचएमटी जनता घड्याळाचा बॅलन्स बसवत होतो. तेवढ्यात भाचा आला, मिहानातल्या ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून. हेल्मेट काउंटरवर आणि मोबाइल थेट माझ्या नाकासमोर.

"मामा, हे घेऊ का?"

आयग्लास, म्हणजे घड्याळवाल्याचं भिंग, डोळ्यावरच होता, त्यामुळे आधी नुसता काळा-लाल डाग दिसला. काढून पाहिलं तर मासे धरायच्या गळाचा दोर गुंडाळायचं रीळ. साबणाच्या वापरलेल्या वडीसारखं चपटं, गुळगुळीत, देखणं. खाली बायोडेटा: बेअरिंग १२ अधिक १, गिअर रेशो ८.१ ला १, वजन १९० ग्रॅम. किंमत नऊ हजारांच्या वर.

"कायले पाहिजे?"

"ग्लायडर चालवायले. तुम्ही दिलेले दोन आहेत ना, लाकडाचे."

म्हटलं, मग हे नको घेऊ. तो म्हणाला, काहून? त्या एका 'काहून'पायी तीन कप चहा झाला आणि तरी अर्धं सांगायचं राहिलंच. ते राहिलेलं इथे लिहितो. तो वाचेल. नाही वाचलं तर त्याची आई त्याला वाचायला लावेल.

आधी माझी कुळकथा. आजोबांनी बडकस चौकाजवळ गल्लीत घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, वडिलांनी चालवलं, मी रेटतोय. मोबाइल आल्यापासून घड्याळं कमी झाली आणि वेळ मोकळा झाला, तसा गळाचा नाद वाढला. आता काउंटरच्या डाव्या खणात घड्याळं असतात आणि उजव्या खणात रिळं. महालातला एक घड्याळवाला रिळं उघडतो, अशी बातमी गळवाल्यांत पसरली आहे, त्यामुळे महिन्याला चार-पाच येतात. मागे एक बाई नवऱ्याचं मनगटी घड्याळ न्यायला आल्या. माझ्या हातातलं उघडं रीळ पाहून म्हणाल्या, "हे कोणतं घड्याळ जी?" म्हटलं, मासोळीचं.

आता ग्लायडर. हा एक लूर, म्हणजे माशाला फसवायचं नकली आमिष. बऱ्याच लूरांच्या तोंडाखाली पाणी कापणारी प्लास्टिकची जीभ असते. ओढलं की ती आपोआप हलतात. ग्लायडरला जीभ नसते. चपटं, जडसर अंग आणि पोटात शिसं, एवढंच. नुसतं ओढत आणलं तर लाकडाचा तुकडा येतो तसं सरळ येतं. पण दोराला एक ठुमका दिला आणि लगेच सैल सोडलं, की नाक फिरवून डावीकडे घसरत जातं. पुन्हा ठुमका, पुन्हा सैल, की उजवीकडे. नागपूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. संक्रांतीला गच्चीवर पतंगाचं नाक वळवायला आपण दुसरं काय करतो? नुसतं ताणून धरलं तर पतंग वर बावळटासारखा उभा राहतो. ठुमका मारून ढील दिली की मग तो फिरतो. ग्लायडरचाही सगळा खेळ त्या ढिलीत आहे.

हे आमिष आपल्याकडचं नाही. अमेरिकेतली मस्की आणि युरोपातला पाइक, दोन्ही लांबोडे, दातेरी, दबा धरून बसणारे मासे. त्यांच्यासाठी जर्कबेट आणि ग्लायडर निघाले. आपल्या वैनगंगेत ते नाहीत, पण इकॉर्नियाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, कडेला निवांत पडून राहिलेली मोठी मरळ त्यांच्याच चालीची. माझ्याकडे पोलंडच्या साल्मो कंपनीचा १० सेंटिमीटरचा 'स्लायडर' नावाचा ग्लायडर आहे. तो समोर ठेवून मी शिवणीच्या लाकडाचे स्वतः कोरतो. शिवण कोरायला मऊ आणि टिकायला बरी. पहिल्या दोघांत शिसं जास्त झालं, ते अजून अंभोऱ्याला नदीच्या तळाशी आहेत.

तर रिळाचा प्रश्न इथून सुरू होतो. एकदा मी हिशेब मांडला. एका फेकीत २५ मीटर दोर परत येतो असं धरा. माझ्या रिळाच्या हँडलचा एक फेरा साधारण ६० सेंटिमीटर दोर गुंडाळतो. दर ठुमक्याला अर्धा फेरा, म्हणजे ३० सेंटिमीटर. एका फेकीला ऐंशीच्या वर ठुमके झाले. सकाळी सहा ते दहा या वेळात सव्वाशेक फेकी सहज होतात. दहा हजार ठुमके, एका सकाळचे! जुन्या चावीच्या घड्याळाचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो आणि वर्षानुवर्षं देतो, पण त्याच्यावर भार असतो केसाएवढ्या स्प्रिंगचा. इथे दर ठोक्याला पन्नासेक ग्रॅमचं लाकूड, त्याला अडवणारं पाणी आणि मनगटाचा झटका.

साधं चमकणारं पातं सरळ ओढत आणलं तर रिळावर भार एकसारखा राहतो. वर्धा रोडवर टॉप गिअरमध्ये चाललेल्या गाडीसारखं. ग्लायडर म्हणजे दिवाळीच्या आधीच्या रविवारी बर्डीच्या बाजारातून काढलेली गाडी. चाललं, थांबलं, चाललं, थांबलं. किलोमीटर तेवढेच, पण क्लचप्लेट कुणाची आधी जाते हे मेकॅनिकला विचारा.

हा झटका रिळात कुठे जातो, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. गळाची काडी झटकली की दोर स्पूलला, म्हणजे तो ज्यावर गुंडाळलेला असतो त्या चक्रीला, उलटं फिरवू पाहतो. स्पूल लहान गिअरला ढकलतो, लहान गिअर मोठ्याला, मोठा ड्रॅगच्या, म्हणजे जोरात ओढ बसली की घसरून दोर सुटू देणाऱ्या ब्रेकच्या, चकत्यांमधून हँडलच्या दांड्याला. ग्लायडरसाठी ड्रॅग घट्ट आवळलेला असतो, त्यामुळे चकत्या घसरून झटका खात नाहीत. शेवटी तो सगळा एकाच ठिकाणी जाऊन आपटतो: हँडलला उलटं फिरू न देणाऱ्या अडसरावर. दहा हजार वेळा.

घड्याळवाल्याला हा अडसर ओळखीचा आहे. चावी देताना जो कर्र कर्र आवाज येतो ना, तो क्लिकचा. रॅचेटच्या दात्यांवर स्प्रिंगनं दाबून धरलेला एक छोटा पोलादी तुकडा. तो नसता तर चावी सोडल्याबरोबर मेनस्प्रिंग सर्रकन उलगडली असती. जुन्या रिळांत हाच क्लिक असतो, फक्त जाड. हँडल सोडलं तर एखादा दाता मागे येतं आणि टक् करून अडकतं. नव्या रिळांत त्या जागी रोलरचं एकेरी बेअरिंग असतं. बारीक रोलर उतरत्या खाचांत बसवलेले. एका बाजूला फिरवलं तर मोकळे, उलट फिरवलं की पाचरीसारखे अडकतात. हँडल केसभरही मागे येत नाही, हाताला फार छान वाटतं. पण पाचर म्हटली की ती दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागाला खाते. आणि तिथे चिकट ग्रीस गेलं की रोलर अडकायच्या ऐवजी पोहतात.

हे मला कसं कळलं? माझ्याच मूर्खपणानं. माझं पहिलं रीळ भाच्याला आवडलं तसंच होतं, चपटं आणि फिरवायला लोण्यासारखं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण निम्मा दोष माझा. मी त्याला मोटरसायकलच्या चाकाचं ग्रीस भरलं. जाड ग्रीस म्हणजे मजबूत रीळ, असा माझा समज. मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत पडलं होतं, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर. ग्रीस पातळ होऊन रोलरमध्ये उतरलं. सकाळी अंभोऱ्याला तिसऱ्या-चौथ्या फेकीला काडी झटकली आणि हँडल उलटं फिरून माझ्या बोटांच्या पेरांवर आपटलं. डोंग्यात मागे बसलेले काका, ज्यांच्या डोंग्यातून मी नेहमी जातो, शांतपणे म्हणाले, "मशीन लाथ मारते काय जी?"

घरी आल्यावर वडिलांचं वाक्य आठवून स्वतःचीच लाज वाटली. ते म्हणायचे, "घड्याळाले तेल पाजायचं नसते, हुंगवायचं असते." सुईच्या टोकावर येईल तेवढंच. तीस वर्षं घड्याळांना मी तसंच देत आलो आणि रिळाला मात्र वाटीनं पाजलं.

ते पेट्रोलनं धुतलं, रोलर कोरडे केले, वर पातळ तेलाचा नुसता हात फिरवला. महिनाभर चाललं. मग वेगळाच आवाज आला, भाताच्या गिरणीसारखा घरघर. पुन्हा उघडून आयग्लास लावला. मोठा गिअर अ‍ॅल्युमिनियमचा होता, वर कडक थर चढवलेला. दात्यांच्या एकाच कुशीवरचा तो थर गेला होता आणि खालचा मऊ धातू चमकत होता. एकाच कुशीवर का, याचा विचार केला तेव्हा उमगलं. ठुमक्याचा उलटा मार नेहमी दात्याच्या त्याच बाजूला बसतो. शिवाय बाजूची झाकणं प्लास्टिकची. अंगठ्यानं दाबली की किंचित वाकायची. ती वाकली की दांडा तिरका होतो, दांडा तिरका झाला की गिअर कडेनं घासतात. घड्याळात वरची पट्टी सैल झाली की चाकं अशीच तिरकी पडतात आणि घड्याळ मागे पडतं. तिथे निदान पाच मिनिटं मागे पडलेलं दिसतं तरी. रीळ काही न सांगता आतून झिजत राहतं.

मग धंतोलीतले दादा भेटले. बंगाली गृहस्थ, नागपुरात जन्म गेला, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. खांदा दुखायला लागल्यापासून त्यांनी मोठी काडी सोडली होती. त्यांच्याकडून मी साडेचार हजाराला एक जुनं गोल रीळ घेतलं, अबू गार्सियाचं अँबॅसेडर, ६५०० मापाचं. हातात दिल्यावर ते म्हणाले, "घड्याळवाले, हे तुमच्या बिरादरीचं आहे." मला वाटलं, गंमत करताहेत.

गंमत नव्हती. स्वीडनमधल्या स्वेंग्स्ता गावात १९२१ साली एक कारखाना निघाला, नाव आक्टिबोलाग उरफाब्रिकेन. स्वीडिश भाषेत 'उर' म्हणजे घड्याळ. अबू हे त्याच नावाचं संक्षेप. आधी घड्याळं, मग टॅक्सीचे मीटर. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, टॅक्स्या उभ्या राहिल्या, मीटर घेणार कोण? तेव्हा तेच कारागीर, तीच यंत्रं, बारीक गिअर कापायचा तोच हात घेऊन ते मासेमारीच्या रिळांकडे वळले. अँबॅसेडर ५००० आलं १९५२ मध्ये. हे वाचल्यावर मी ते रीळ पुन्हा उघडलं आणि वेगळ्या नजरेनं पाहिलं. पितळी गिअर, जाडजूड दाते, प्रत्येक स्क्रूला सरळ खाच, आणि भाग असे रचलेले की एक काढला की दुसरा आपोआप समोर येतो. दुरुस्त करणारा माणूस डोळ्यासमोर ठेवून केलेलं काम घड्याळवाल्याला लगेच ओळखू येतं.

दुसरी मोठी कंपनी शिमानो, तीही १९२१ ची, जपानमधल्या साकाई शहरातली. तिचा पहिला माल काय होता? सायकलचं फ्रीव्हील. म्हणजे पुन्हा तोच एकेरी अडसर, पुढे फिरेल, मागे अडेल! एक घड्याळातून आली, एक सायकलीतून, आणि दोघींचं पोट एका क्लिकवर. शिमानोच्या एका गोल रिळाचं नाव कल्कत्ता आहे. दादांना ते सांगितलं तर म्हणाले, "मग माझ्याकडून काय म्हणून घेतलंत? तेच घ्यायचं होतं." तेही उत्तम रीळ आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून काढलेली चौकट. पण माझ्या खिशात साडेचार हजारच होते.

आता भाच्याच्या १२ अधिक १ बेअरिंगकडे येतो. घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. जिथे चाकाचं टोक फिरतं तिथे लाल माणिक बसवतात, म्हणजे झीज होत नाही. चावीच्या साध्या घड्याळाला सतरा पुरतात. पण गिऱ्हाईक आकडे मोजतं हे कळल्यावर काही कंपन्यांनी ज्वेल वाढवत नेले. शंभर ज्वेलचीही घड्याळं निघाली. त्यातले बरेच अशा जागी बसवलेले की तिथे काही फिरतच नाही. रिळाच्या बेअरिंगचं तेच. स्पूलच्या दोन्ही टोकांना एकेक, हँडलच्या दांड्याला आधार देणारी, लहान गिअरच्या आजूबाजूची, ही कामाची. हँडलच्या प्रत्येक बोंडात दोन-दोन घालून आकडा चढवला, तर त्यानं अंगठ्याला गुदगुल्या होतील, गिअर काही वाचणार नाही. भाच्याला विचारलं, बारापैकी बोंडांत किती? त्यानं मोबाइलवर खाली-वर करून पाहिलं. चार.

रेशोबद्दल, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती फेरे घेतो त्याबद्दल, लोकांचं आणि माझं जमत नाही. हल्ली सगळ्यांना आठ पाहिजे. म्हणतात, ढील झटकन गुंडाळली जाते. जाते, खरंच. पण तेवढ्याच पेटीत आठाचा रेशो बसवायचा तर लहान गिअर आणखी लहान होतो, दाते बारीक होतात, आणि एकेका दात्यावर जास्त मार येतो. वर तेवढ्याच जोरानं हँडल फिरवलं तर दोराला ओढ कमी मिळते. काही जण काडी स्थिर ठेवून नुसत्या हँडलच्या अर्ध्या-अर्ध्या झटक्यांनी ग्लायडर चालवतात, त्यांना तर हे फारच जाणवेल. पाच ते साडेसहामध्ये कुठेही असू द्या. मला पाचच्या आसपास जमतं, कारण मला घाई नाही. ग्लायडर सावकाश घसरला, क्षणभर लटकला, तरच मरळीचा विचार बदलतो.

वजनाचंही असंच. गोल रीळ तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि १९० ग्रॅमवाल्याला ते वीट वाटतं. सहा फुटांच्या कडक काडीला मागे थोडं वजन असलं तर पुढे लटकणारं लाकूड तोललं जातं, असा माझा अनुभव. पहिल्या दिवशी मनगट दुखतं. चौथ्या रविवारी विसरायला होतं.

एक गोष्ट मला गोल रिळानंच शिकवली: दोर. ढील देत गुंडाळलेला दोर स्पूलवर सैल बसतो. मग मासा लागला किंवा लूर गवतात अडकला की वरचा दोर जोरात ताणला जातो आणि खालच्या सैल वेढ्यांत रुततो. पुढच्या फेकीला स्पूल फिरतो, दोर सुटत नाही, आणि असा गुंता होतो की चक्रीतला मांजा परवडला. पातळ ब्रेडेड दोर जास्त रुततो. मी आता ६५ पौंडांच्या खाली येत नाही. मरळीसाठी एवढी ताकद लागते म्हणून नव्हे, जाड दोर रुतत नाही म्हणून. शिवाय दर पंधरा-वीस फेकींनंतर एकदा लांब फेकून, ओल्या दोराला दोन बोटांत दाबत सगळा पुन्हा घट्ट गुंडाळतो. काका म्हणतात, "मासोळी धरायले आले की सूत कातायले?"

आणि दोर वाटून देणारी ती पुढची पट्टी, डावीकडून उजवीकडे सरकणारी. तिच्या पोटात एक आडव्या-तिडव्या खाचांचा दांडा असतो आणि त्या खाचांतून चालणारा तांदळाच्या दाण्याएवढा पॉल. ग्लायडर कधी डावीकडे ओढतो, कधी उजवीकडे, आणि पट्टी भलत्याच टोकाला असते. सगळा आडवा ताण त्या दाण्यावर. त्यात अंभोऱ्याची रेती. मी एक अख्खा हंगाम तो दांडा धुतला नाही आणि पॉलचं टोक घासून बोथट केलं. दादांनी रिळाबरोबर एचएमटीच्या रिकाम्या डबीत तीन पॉल दिले होते, म्हणून वाचलो. तेव्हा रीळ विकत घेण्याआधी माझा पहिला प्रश्न हाच: याचा पॉल, याचा क्लिक, याचा गिअर सुटा मिळतो का? दुकानदारानं "साहेब, खराबच होत नाही" म्हटलं की मी चप्पल घालतो. जे घड्याळ कधी बिघडत नाही, ते बिघडलं की फेकावंच लागतं.

दुकानात माझी परीक्षा पाच मिनिटांची. रीळ डाव्या हातात घट्ट धरायचं आणि अंगठ्यानं बाजूचं झाकण दाबायचं. हललं, करकरलं, तर परत. मग ड्रॅग पूर्ण आवळून स्पूल एका अंगठ्यानं धरायचा आणि हँडल पुढे-मागे हलवायचं. किंचित खेळ असणारच. मागे येऊन ठामपणे थांबलं पाहिजे, रबरासारखं नाही. हँडल आखूड असेल तर मी नाक मुरडतो, पण ते नंतर बदलता येतं. माझं लांब हँडल खरादवाल्याकडून करून घेतलंय. मग कानाशी धरून हळूहळू फिरवायचं. चांगल्या पितळी गिअरचा आवाज येतो, पण तो एका सुरात येतो. फेऱ्यात एकाच जागी खुट् झालं की तिथला दाता वाईट. आणि दुकानदार परवानगी देत असेल तर एक झाकण उघडून रोलरच्या जोडीला रॅचेट आहे की नाही ते पाहायचं. दोन्ही असले तर ग्लायडरसाठी तेच रीळ. रोलर घसरला तरी क्लिक धरतो, बोटं वाचतात.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे चपटं घ्यायचंच नाही?" तसं नाही. चपट्यातही मोठ्या मापाची, जड, पूर्ण धातूची रिळं आहेत. शिमानोचं ट्रँक्स मी दोनदा उघडलंय, ते जड लूरांसाठीच बांधलेलं आहे आणि हातात गोल रिळापेक्षा चांगलं बसतं. अडचण चपटेपणाची नाही. दहा ग्रॅमच्या नकली बेडकासाठी केलेल्या नाजूक यंत्राकडून पन्नास ग्रॅमचं लाकूड दहा हजार वेळा झटकून घ्यायचं, ही अडचण. माझ्या ओळखीचे एक जण लेडीज घड्याळ घालून हातोडा मारायचे आणि काच फुटली की माझ्याकडे यायचे. वर्षातून तीनदा. आता बोला.

जे कुणी वाचून काडी उचलतील त्यांना दोन शब्द. पेंचच्या तोतलाडोहात गळ टाकायचं मनातही आणू नका, तो व्याघ्रप्रकल्प आहे. बाकी तलाव आणि धरणांवर बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थांचा ठेका असतो. आधी विचारा. मी कुही-वेलतूरवरून अंभोऱ्याला जातो ते काकांना फोन करून, त्यांच्या संस्थेला सांगून, डोंग्याचे पैसे देऊन. पावसात मरळ पिलांचा लाल थवा घेऊन फिरते. तो दिसला की मी आमिष दुसरीकडे फेकतो. काकांनी पहिल्याच दिवशी तशी तंबी दिली होती, "पोरांच्या मायले हात लावायचा नाही."

तर मंगळवारी चहा संपला, भाचा मान डोलावून गेला. शुक्रवारी एक खोकं घेऊन परत. त्यानं ते चपटंच मागवलं होतं.

"ऑफर होती, मामा."

मी काही बोललो नाही. आयग्लास लावून उघडलं. काम स्वच्छ होतं, खोटं कशाला बोलू. रोलर होता, रॅचेट नव्हतं. कारखान्यानं ग्रीस सढळ हातानं घातलं होतं, ते पुसून काढलं, रोलरला तेल हुंगवलं, झाकण लावलं. म्हटलं, बेडकासाठी वापर, छान आहे. लाकडी ग्लायडर मात्र याच्यावर चालवू नको. तो "हो मामा" म्हणाला आणि बराच वेळ तिथेच घुटमळला. मी गिऱ्हाइकाच्या पट्ट्यात पिन घालत होतो, तिकडे फार लक्ष दिलं नाही.

शनिवारी रात्री दुकान बंद करताना, सकाळी अंभोऱ्याला निघायचं म्हणून उजवा खण उघडला. आत चपटं रीळ होतं, त्याच्या खोक्यासकट. गोल नव्हतं. पॉलची डबीही नव्हती.